सोफ्यामागे किती वाव पाणी?

गेल्या महिन्यात या सदरात जुन्या सागरी नकाशांच्या प्रिंट घरात लावण्याबद्दल ओझरतं लिहिलं होतं, आणि शेवटी 'प्रश्न पाठवा' असं म्हटलं होतं. म्हटलं की लोक खरंच पाठवतात, हे लक्षात राहिलं नव्हतं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: मी मालवाहू बोटींवर सेकंड ऑफिसर होतो. बोटीवरचे नकाशे दुरुस्त ठेवणं हे सेकंड ऑफिसरचं काम. दर आठवड्याला दुरुस्त्यांची पत्रकं निघतात. कुठे नवा बोया टाकला, कुठे बुडालेलं जहाज सापडलं, ते बारीक निबाने जांभळ्या शाईत नकाशावर उतरवायचं. बोट सोडल्यावर बायकोच्या फ्रेमिंगच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली लागलो. त्यामुळे नकाशा ही माझ्यासाठी आधी वाचायची वस्तू आहे, टांगायची नंतर. उत्तरांत तो कल दिसेल, चालवून घ्या.

प्रश्न : सोफ्यामागची भिंत मोकळी आहे, सोफा सात फुटी. जगाचा जुना नकाशा, तोही जहाजांचा, मोठा करून लावायचा आहे. केवढा करावा?

उत्तर : सोफ्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश फ्रेम डोळ्यांना बरी वाटते. तुमच्या सोफ्याला म्हणजे 56 ते 63 इंच. फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर ठेवा. बहुतेक घरांत ती दीड-दोन फूट वर असते आणि मग सोफा आणि नकाशा एकमेकांशी बोलत नसल्यासारखे दिसतात.

पण जगाचाच का? जगाचा सागरी नकाशा म्हटलं की बहुतेकांच्या मनात मर्केटर या नकाशाकाराचा असतो. 1569 सालचा, शीर्षकातच 'दर्यावर्दींच्या उपयोगासाठी' असं लिहिलेला. होकायंत्राची एक दिशा धरून निघालं तर ती वाट नकाशावर सरळ रेघ यावी, ही त्याची करामत. त्यासाठी ध्रुवांकडे जाताना त्याला सगळं ताणत न्यावं लागलं. परिणामी अशा नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या शेजारी बरोबरीने बसल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. मोठ्या भिंतीवर हे ताणणं फार जाणवतं. वरचा निम्मा नकाशा नुसती फुगलेली जमीन, आणि ज्या समुद्रासाठी नकाशा आणला तो खाली दबलेला.

मला विचाराल तर 'कार्टा मरिना' लावा. ओलाउस मॅग्नुस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूने 1539 मध्ये व्हेनिसला छापून घेतलेला उत्तर युरोपचा नकाशा. नऊ लाकडी ठशांवरून नऊ कागद छापायचे आणि जोडायचे. जोडल्यावर होतो साधारण 170 सेंटिमीटर रुंद आणि 125 उंच, म्हणजे तुमच्या सोफ्याला वर दिलेल्या मापापेक्षा जरा मोठाच. पण तो जन्मतःच भिंतीच्या मापाचा आहे, तुम्हाला फुगवावा लागत नाही. त्यातल्या समुद्रात जहाजाला विळखा घातलेला लाल सर्प आहे, आणि देवमाशाच्या पाठीला बेट समजून नांगर टाकलेले आणि वर शेकोटी पेटवून बसलेले खलाशी आहेत. मूळ छापील प्रती दोनच उरल्यात, एक म्युनिकला आणि एक उप्सालाला. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला मान वळवून बघावंसं वाटेल असं त्यात बरंच आहे.

प्रश्न : मोबाइलवर एक सुंदर नकाशा सापडला. दोन फुटी प्रिंट काढली तर सगळी नावं धुक्यात गेल्यासारखी. प्रिंटवाला म्हणतो फाइल खराब, मी म्हणते मशीन खराब.

उत्तर : प्रिंटवाला बरोबर आहे. जवळ जाऊन वाचायच्या नकाशाला दर इंचाला 300 पिक्सेल हवेत. दोन फूट म्हणजे 24 इंच, म्हणजे 7,200 पिक्सेल रुंदीची फाइल. मोबाइलवर उतरवलेलं चित्र बाराशे पिक्सेलचं असेल तर ते चार इंचांपुरतंच आहे. सोफ्यामागे दुरून बघायचं असेल तर 150 वर भागतं, त्याच्या खाली जाऊ नका.

चांगल्या फाइल फुकट मिळतात. अमेरिकेची किनारपाहणी 1807 पासूनची आहे. तिचे जुने नकाशे 'नोआ' या सरकारी संस्थेने आपल्या ऐतिहासिक संग्रहात मोठ्या आकारात ठेवलेत. डेव्हिड रम्झी नकाशा संग्रह, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'गॅलिका' हेही बघा. वापराच्या अटी संग्रहागणिक वेगळ्या असतात. प्रिंट विकायच्या असतील तर त्या नीट वाचा.

फाइल चांगली असूनही फसायला होतं, हे स्वतःच्या अनुभवाने सांगतो. एका प्रिंटवाल्याकडे आम्ही एक उभा नकाशा दिला होता. त्याने 'कागदात बसवा' हे बटण दाबून तो दोन्ही बाजूंना ताणला. किनारा वेडावाकडाच असतो, ताणलेला कळत नाही. फ्रेम झाली, काच बसली, बायको लांबून म्हणाली, "ते होकायंत्राचं चक्र अंड्यासारखं का दिसतंय?" तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक प्रिंटवरच्या दिशाचक्राला आडवी-उभी पट्टी लावून बघतात. दोन्ही मापं सारखी आली तरच पुढे जायचं. छापील प्रमाणाचंही असंच. नकाशा दुप्पट केला की कोपऱ्यात आकड्यांत लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं, पण त्याखालची मैलांची पट्टी नकाशाबरोबर वाढते आणि खरीच राहते. म्हणून मार्जिन कापताना ती पट्टी कापू नका.

प्रश्न : भेट म्हणून एका जुन्या बंदराच्या नकाशाची प्रिंट मिळाली आहे. किनारा छान आहे, पण पाण्यात सगळीकडे मुंग्यांसारखे बारीक आकडे आहेत. आमचे पडदे निळे आहेत. आकडे पुसून समुद्रात सपाट निळा रंग भरून नवी प्रिंट काढता येईल, असं एकाने सुचवलंय. करावं का?

उत्तर : ज्याने सुचवलं त्याला चहासुद्धा विचारू नका.

ते आकडे म्हणजेच नकाशा आहे. किनारा फक्त समुद्र कुठे संपतो ते सांगतो. बोटीला काम आकड्यांशी. प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागी मोजलेली खोली, बहुधा वावांत. वाव हा शब्द आपल्याकडे आता 'संधी' याच अर्थाने उरलाय. पण दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जे अंतर, ते एक वाव. इंग्रजी 'फॅदम' या शब्दाचं मूळही पसरलेले हातच. सहा फूट, म्हणजे 1.83 मीटर. दोरी वर ओढताना माणूस ती हातांच्या पसाऱ्याने मोजणार, म्हणून हे माप. उथळ बंदरांच्या नकाशांत आकडे फुटांत असतात. शीर्षकाच्या खाली एका ओळीत 'खोली वावांत' किंवा 'फुटांत' असं लिहिलेलं असतं, ते आधी शोधा.

आता हा आकडा आला कसा ते ऐका, म्हणजे पुसायला हात धजावणार नाही. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारी साधनं 1920 च्या दशकात आली. त्याआधी होडीतून एक माणूस दोरीला बांधलेलं लांबट शिसं पाण्यात सोडायचा. शिशाच्या बुडाला एक खळगा असायचा आणि त्यात जनावराची चरबी थापलेली. शिसं तळाला टेकलं की दोरीवरच्या खुणांवरून खोली कळायची, आणि वर आलेल्या चरबीला जे चिकटलं असेल त्यावरून तळ कळायचा: वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा. चरबी कोरी आली, किंवा तिच्यावर नुसती खाच पडली असेल, तर खडक. तुमच्या प्रिंटवर आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरं दिसतील. इंग्रजी नकाशात एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, एसएच म्हणजे शिंपले, आर म्हणजे खडक. नांगर टाकायला कोणता तळ बरा ते त्यावरून ठरायचं. काही आकड्यांच्या डोक्यावर आडवी रेघ आणि त्यावर टिंब असतं. त्याचा अर्थ, एवढी दोरी सोडली तरी तळ लागला नाही. आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे पाणी खोल आहे असं समजू नका. तिथे कुणी शिसं सोडलंच नाही.

ताम्रपटावर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर, कोरून छापलेल्या अशा नकाशांत समुद्र कागदाच्याच रंगाचा असायचा. रंग असला तर नंतर हाताने भरलेला. निळ्या पडद्यांसाठी माऊंटच्या, म्हणजे फ्रेमच्या आत नकाशाभोवती असणाऱ्या जाड कागदी चौकटीच्या, आतल्या कडेला निळ्या कागदाची सूतभर रेघ द्या. फ्रेमवाला सहज करून देईल.

आणि हा नकाशा मोठ्या भिंतीवर नको, पॅसेजमध्ये लावा. पॅसेज अरुंद असल्याने बघणारा आपोआप हातभर अंतरावर येतो. नकाशाचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवा. काच चकाकणारी नको, प्रतिबिंब न पडणारी घ्या. नाहीतर आकड्यांच्या जागी स्वतःचं नाक दिसेल.

प्रश्न : प्रिंट फार कोरी वाटते. चहाच्या पाण्यात बुडवून, कडा मेणबत्तीवर भाजून जुनी करू का?

उत्तर : नको. चहात टॅनिन असतं, कागद आम्ल होऊन काही वर्षांत कडक होतो, आणि इंकजेटची शाई पसरते ते वेगळंच. जुना कागद म्हणजे पिवळा कागद ही समजूतही फारशी खरी नाही. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद बंद अॅटलासमध्ये राहिला असेल तर आजही चांगला पांढरा दिसतो. मॅट, आम्लरहित सुती कागदावर पिगमेंट शाईची प्रिंट काढा. ती कोरी वाटली तर वाटू द्या. छापून निघाली तेव्हा मूळ प्रतही कोरीच होती.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. माझ्या खोलीत 'इथे ड्रॅगन आहेत' असं लिहिलेला जुना नकाशा लावायचाय. कुठला तो? आणि आई भिंतीत खिळा मारू देत नाही.

उत्तर : अरे, तो नकाशा नाहीच! ते लॅटिन वाक्य सापडतं ते साधारण 1510 सालच्या एका तांब्याच्या पृथ्वीगोलावर. हंट-लेनॉक्स गोल म्हणतात त्याला, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. गोल जेमतेम अकरा सेंटिमीटर व्यासाचा आहे, आणि वाक्य आशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ कोरलंय. जुन्या कागदी नकाशांवर ते सर्रास लिहिलेलं असायचं ही नंतर पसरलेली गोष्ट.

पण राक्षसच हवे असतील तर ऑर्टेलियस या सोळाव्या शतकातल्या नकाशाकाराचा आइसलंडचा नकाशा घे. त्याच्या अॅटलासमध्ये 1590 च्या सुमारास आला. बेटाभोवतीच्या समुद्रात एकेक विचित्र प्राणी आणि प्रत्येकाशेजारी एकेक अक्षर: ए, बी, सी… कुठला प्राणी काय करतो याची माहिती अॅटलासच्या पानामागे लॅटिनमध्ये छापलेली होती. तू तसाच तक्ता मराठीत करून नकाशाशेजारी लाव. माहिती तुझी तू बनवलीस तरी चालेल, त्यांनीही बरीचशी ऐकीवच लिहिली होती. जोडीला कॅलिफोर्निया हे बेट म्हणून दाखवणारा सतराव्या शतकातला एखादा नकाशा शोध. ही चूक शंभरेक वर्षं एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरत राहिली. शेवटी 1747 मध्ये स्पेनच्या राजाला हुकूम काढावा लागला की कॅलिफोर्निया बेट नाही.

खिळ्याचं म्हणशील तर फ्रेमच करू नकोस. वरच्या आणि खालच्या कडेला लाकडाच्या दोन-दोन पट्ट्यांमध्ये कागद धरायचा, वर सुतळी बांधायची आणि कपाटाच्या मुठीला अडकवायचं. कपाटाचं दार उघडलं की नकाशा हलतो, बोटीवर असल्यासारखा.

प्रश्न : बाथरूमसाठी सागरी विषय शोभेल असं वाटतं. नकाशा तिथे टिकेल का? आणि बाल्कनीसमोरच्या भिंतीवर?

उत्तर : बाथरूममध्ये काचेच्या आत वाफ धरते, कागद लाटांसारखा होतो, मग बुरशी. तिथे कागद नकोच. बाल्कनीसमोर थेट ऊन येत असेल तर काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक लावा आणि तरीही रंग उतरेल हे धरून चाला. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मधून हवा खेळते. मागचा बोर्ड कागदी टेपने नीट बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. कसरीला नकाशाचं प्रमाण कळत नाही, ती सरळ खात सुटते.

प्रश्न : जुन्या ट्रंकेत एक सागरी नकाशा सापडला. मधोमध घडी आहे, मागे परकी भाषा छापलेली आहे. हा मूळ असेल की प्रिंट? फ्रेम करू का?

उत्तर : मधली घडी आणि पाठीमागचा मजकूर ही अॅटलासमधून सुटलेल्या पानाची लक्षणं आहेत, पण तेवढ्यावर ठरवू नका. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रेघा आणि रंग रंगीत ठिपक्यांचे बनलेले दिसले तर आधुनिक छपाई. रेघ सलग, काळी आणि कागदावर जराशी उठलेली वाटली तर पुढे बघा. नकाशाच्या चौकटीबाहेर चारी बाजूंना दबलेली कड आहे का? ताम्रपट दाबयंत्रात कागदावर दाबला की अशी कड उमटते. ही कड नक्कलही करता येते, म्हणून ती एकटी पुरावा नाही. कागद उजेडासमोर धरा. विणीसारख्या बारीक समांतर रेघा आणि जलचिन्ह दिसतंय का पाहा. हिरवा रंग असेल तर कागदाची मागची बाजू बघा. जुना हिरवा तांब्यापासून बनवत आणि तो हळूहळू कागद खातो, मागून तपकिरी डाग दिसतो. नकली प्रतीला हा आजार होत नाही.

लक्षणं जुळली तर आमच्यासारख्या फ्रेमवाल्याकडे येऊ नका, कागदांचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे जा. चिकटपट्टी, डिंक, लॅमिनेशन यांपैकी काहीही करू नका. भिंतीवर त्याची स्कॅन प्रिंट लावा आणि मूळ कागद अंधारात सपाट ठेवा.

कुठे काय सापडेल सांगता येत नाही, बरं का. 1502 मध्ये इटलीतल्या फेरारा इथल्या ड्यूकच्या हस्तकाने, अल्बेर्तो कान्तिनो त्याचं नाव, पोर्तुगालच्या गुप्त नकाशाची नक्कल बारा सोन्याची नाणी मोजून मिळवली. शतकांनंतर राजवाड्यात लूटमार झाली आणि नकाशा गायब झाला. 1859 मध्ये तो मोदेना शहरात एका खाटकाच्या दुकानात सापडला, पडद्याला चिकटवलेला. आता तो तिथल्याच एस्तेन्से ग्रंथालयात आहे. खाटकानेही घरसजावटच केली होती.

प्रश्न : आम्ही भूमध्य समुद्राच्या एका फार जुन्या चामडी नकाशाची प्रिंट लावली आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, उलटा लावलाय. निम्मी नावं खरंच उलटी दिसतात. शिवाय एका बाजूला कागद निमुळता होतो, ती बाजू कापून चौकोन करावा का?

उत्तर : निमुळती बाजू म्हणजे जनावराची मान. पूर्ण कातड्यावर नकाशा काढत, मान तशीच ठेवत. कापू नका. मागे गडद माऊंट ठेवून अख्खा आकार त्यावर तरंगता दिसेल अशी फ्रेम करा.

उलट्या नावांचं म्हणाल तर हे पोर्तोलान जातीचे, म्हणजे खलाशांसाठी किनारे आणि बंदरं दाखवणारे, नकाशे. उरलेल्यांतला सर्वांत जुना 'कार्टा पिसाना' तेराव्या शतकाच्या शेवटचा, पॅरिसला आहे. यांत बंदरांची नावं किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूला लिहितात, म्हणजे पाणी मोकळं राहतं. मग किनारा वळला की नावंही वळतात. नकाशा टेबलावर पसरायचा आणि ज्या किनाऱ्याने चाललोय तो आपल्याकडे फिरवून घ्यायचा. याला वर-खाली नसतंच. दिशाचक्र असेल तर उत्तरेला कमळासारखं चिन्ह आणि पूर्वेला बहुधा छोटा क्रूस दिसेल, त्यावरून दिशा कळतील. भिंतीवर कुठली बाजू वर हे तुम्ही ठरवायचं. फ्रेमवाल्याला सांगून मागच्या बाजूला वर आणि खाली दोन्हीकडे कड्या बसवून घ्या. कुणी उलटा म्हणालं की उतरवायचा, फिरवायचा, परत अडकवायचा.